हातात ५८ लाख आणि रोजच्या बातम्या: निवृत्तीचा पैसा कुठे, किती आणि का?

कुळागर_फोंडा विचारतात:

नमस्कार मंडळी. राज्य सरकारी सेवेतून ६०व्या वर्षी निवृत्ती. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग सोडून मिळालेली एकरकमी रक्कम) धरून ५८ लाख खात्यात आले आहेत. पेन्शन महिन्याला हातात ४६,०००. घरखर्च, औषधं, येणंजाणं, देणंघेणं मिळून ५५,०००. कर्ज नाही. घर स्वतःचं, चिरेबंदी आणि कौलारू, त्यामुळे पावसाआधी शाकारणीचा खर्च ठरलेला. पत्नी ५८ वर्षांची, गृहिणी. लग्न गोव्यातच झालं, सिव्हिल रजिस्ट्रेशन आहे. मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन मडगावला.

माझी मतं आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला खोडता येतील. २०२७च्या सुरुवातीला गोव्यात विधानसभेची निवडणूक आहे, जगात युद्धं आणि आयात शुल्काची भांडणं चालू आहेत. अशा वेळी शेअर बाजाराकडे बघूही नये असं मला वाटतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) खाली आणला, तेव्हा मिळेल तिथे सगळी रक्कम आजच्या व्याजाने बांधून टाकावी. गावातली पतसंस्था राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते, माणसं ओळखीची आहेत, तिथे १५ लाख ठेवावेत. आठव्या वेतन आयोगाची थकबाकी आली की जुनी गाडी बदलावी. आणि एक धास्ती: सरकार बदललं, तिजोरी रिकामी झाली तर पेन्शनला हात लागेल का?

जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

---

हिशेबनीस_पणजी:

काका, आधी तूट काढा, मग योजना निवडा. ५५ वजा ४६, म्हणजे महिन्याला ९,००० कमी पडतात, वर्षाला १ लाख ८ हजार. ५८ लाखांकडून तुम्हाला आज एवढंच हवंय. बहुतेक निवृत्त लोक उलट जातात: सगळ्यात जास्त व्याज कुठे ते शोधतात, सगळी रक्कम तिथे टाकतात, आणि गरज नसलेलं व्याज बचत खात्यात पडून राहतं किंवा कुणाला तरी उसनं जातं.

पहिले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एका व्यक्तीची कमाल मर्यादा तेवढीच आहे, एप्रिल २०२३ मध्ये ती १५ वरून ३० लाख झाली. व्याज ८.२ टक्के, मुदत ५ वर्षं. वर्षाला २,४६,००० म्हणजे तिमाहीला ६१,५००. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी हे व्याज जमा होतं. तुमची तिमाहीची तूट २७,०००. म्हणजे एवढ्या एका खात्यात तूट भरून ३४,५०० उरतात. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना वाईट नाही, ७.४ टक्के आहे, एकट्याला ९ लाख आणि संयुक्त १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. पण तुम्हाला आज त्या मासिक उत्पन्नाची गरजच नाही.

खातं उघडताना लोक कुठे चुकतात ते सांगतो. पॅन, आधार, फोटो घेऊन जाता, पण रोख १ लाखापर्यंतच चालते. वरच्या रकमेला चेक लागतो, म्हणून आधी त्याच पोस्टात किंवा बँकेत बचत खातं उघडून पैसे तिकडे वळवा. व्याज त्या बचत खात्यात आपोआप जमा व्हावं अशी सूचना अर्जातच द्या. न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही, आणि वर्षभर पासबुक भरून न घेणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. जोडीदाराचं नाव संयुक्त म्हणून घालता येतं, मुलाचं नाही. मात्र संयुक्त खात्यातली सगळी रक्कम पहिल्या नावाचीच धरतात, त्यामुळे मर्यादा दुप्पट होत नाही. मधेच मोडायची वेळ आली तर वर्षाच्या आत मोडल्यास व्याज मिळतच नाही, दिलेलं असेल तेही मुद्दलातून वळतं करतात. एक ते दोन वर्षांत मोडल्यास मुद्दलातून दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का. ३० लाखांवर दीड टक्का म्हणजे ४५,०००. म्हणून अडीअडचणीचे पैसे यात घालायचे नाहीत. पाच वर्षं झाल्यावर तीन-तीन वर्षांनी वाढवता येतं, पण अर्ज द्यावा लागतो. न दिल्यास ते पैसे पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने कुजत राहतात.

अडीअडचणीसाठी ६ लाख. एकच मोठी एफडी नको, १ लाखाच्या सहा पावत्या करा, दोन बँकांत तीन-तीन. इस्पितळात अचानक दीड लाख लागले तर दोन पावत्या मोडतील, बाकी चारांचं व्याज शाबूत.

काकींना ६० व्हायला दोन वर्षं आहेत. त्यांच्या नावाने १२ लाख बाजूला काढा आणि दोन वर्षांच्या एफडीत ठेवा, मुदत त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या नंतर संपेल अशी. मग त्यांचं स्वतंत्र ज्येष्ठ नागरिक खातं. तेव्हाचा दर तेव्हा कळेल. आजच्या दराने धरलं तर तिमाहीला २४,६००. एफडी करताना ‘मुदत संपताच आपोआप नूतनीकरण’ या रकान्यावर खूण करू नका. ती खूण राहिली की बँक पुन्हा दोन वर्षं बांधते आणि मोडताना दंड घेते.

२ लाख घरासाठी बचत खात्यात. कौलारू घराचा खर्च सांगून येत नाही. वासे आणि रिपा किडल्या की एका मे महिन्यात सगळं निघतं.

उरले ८ लाख. हे इक्विटी इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), दरमहा ५०,००० प्रमाणे १६ महिन्यांत. आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतून दर तिमाहीला उरणाऱ्या ३४,५०० पैकी २४,००० म्हणजे महिन्याला ८,००० त्याच फंडात चालू ठेवा. तुमचा आक्षेप माहीत आहे, पण हा हिशेब बघा: महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज ५५,०००, तुमच्या ७२व्या वर्षी १ लाख १० हजार. पेन्शनवरची महागाई वाढ मिळत राहते आणि ती कम्युटेशनपूर्वीच्या मूळ पेन्शनवर मिळते, हे खरं. कम्युट केलेला भागही १५ वर्षांनी परत चालू होतो. पण ज्येष्ठ नागरिक योजनेचे ६१,५०० तेव्हाही ६१,५००च असतील, दर टिकला तर. औषधांचा खर्च तर घरखर्चापेक्षा वेगाने वाढतो. काहीच वाढत नसेल अशी रचना ६०व्या वर्षी करणं मला धोक्याचं वाटतं, बाजाराच्या चढउतारापेक्षाही धोक्याचं.

फंड घेताना डायरेक्ट योजनाच घ्या. त्याच फंडाच्या रेग्युलर योजनेत दलाली दरवर्षी तुमच्या रकमेतून वजा होत राहते, पावतीवर कुठे दिसत नाही.

बँकेत ‘खात्री उत्पन्न’ म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारायला येतील, मोठी रक्कम जमा झाली की आठवड्याभरात फोन येतोच. घेतली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कोणत्या वर्षी किती भरायचे आणि कोणत्या वर्षी किती मिळणार हा तक्ता लेखी मागा, तो स्प्रेडशीटमध्ये भरा आणि प्रत्यक्ष वार्षिक परतावा काढा. साध्या एफडीपेक्षा तो कमी का येतो ते मग त्यांनाच विचारा.

---

कायदा_मडगाव:

वरचं वाटप पटलं. पण गोव्यात लग्न झालेल्या माणसाने याच्या आधी एक गोष्ट बघायची असते, आणि पुण्यामुंबईच्या सल्लागारांना ती ठाऊक नसते: १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ५अ.

तुमच्या लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे तुमची मालमत्ता समाईक आहे. म्हणून पगार या शीर्षाखालचं उत्पन्न सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं मोजायचं. पेन्शन पगारात धरतात, ती तुमचीच. पण व्याज, घरभाडं, भांडवली नफा हे कोणाच्याही नावावर असलं तरी अर्धं काकींचं. ही सवलत नाही, असंच मोजायचं असतं.

विवरणपत्र भरताना त्यामुळे आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ घ्या, त्यात पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का या प्रश्नाला ‘होय’ करा, काकींचा पॅन टाका आणि शेड्यूल ५अ भरा. टीडीएस कापला गेला असेल तर त्याचाही निम्मा भाग जोडीदाराकडे जातो. इथेच गोंधळ होतो: नवरा पूर्ण टीडीएस स्वतःकडे मागतो, उत्पन्न मात्र अर्धंच दाखवतो, आणि नोटीस येते.

तुमचा २०२५-२६चा हिशेब नव्या करप्रणालीत, वर्षभराचे आकडे धरून: पेन्शन ५,५२,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, राहिले ४,७७,०००. ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज २,४६,००० आणि १८ लाखांच्या एफडींचं सुमारे १,१७,००० धरा, एकूण ३,६३,०००. निम्मं १,८१,५००. तुमचं उत्पन्न ६,५८,५००, काकींचं १,८१,५००. १२ लाखांपर्यंत कलम ८७अची सूट असल्याने तुमचा कर शून्य, आणि काकींचं उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेतच. मग ५अचा उपयोग काय? भांडवली नफ्याच्या वर्षी कळतो. इक्विटीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला ८७अची सूट लागत नाही, सव्वा लाखावर साडेबारा टक्के कर बसतो. नफा दोघांत विभागला की सव्वा लाखाची वजावट दोघांना वेगवेगळी मिळते, आणि काकींच्या मूळ मर्यादेत उरलेली जागाही त्यांच्या हिश्शाच्या नफ्याला वापरता येते. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकायची वेळ आली तर हा फरक लाखांत जातो.

तुमचा कर शून्य आहे, तेव्हा व्याजावर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म १५एच द्या. नाही दिला तर व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेल्यामुळे १० टक्के टीडीएस कापतील, म्हणजे २,४६,००० वर २४,६००, आणि परताव्याची वाट बघावी लागेल. हा फॉर्म दर आर्थिक वर्षाला, प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा द्यावा लागतो, आणि त्याची पोच घ्यायची. नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून काउंटरवर चालू फॉर्म कोणता ते विचारूनच भरा.

आता वारसा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मुलाला नॉमिनी केलंत म्हणून पैसे त्याचे होत नाहीत, तो फक्त ते स्वीकारतो. गोव्यात तर हिशेब आणखी वेगळा. तुमच्या ५८ लाखांतले २९ लाख आजच काकींचे आहेत. तुमच्या २९ लाखांपैकीही मृत्युपत्राने फक्त निम्मे, साडेचौदा लाख, हव्या त्या माणसाला देता येतात. उरलेले साडेचौदा लाख सक्तीच्या वारसांचे, मुलगा-मुलगी समान. लग्न झालेल्या मुलीचा वाटा कमी होत नाही. आणि घर विकायची पाळी आली तर वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात, जावयाची आणि सुनेचीही. २०१२चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा २२ सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. वाटणी जमली नाही तर त्याखाली न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवायचं काम, चालते. मुलाने पुण्यात तुमच्या नावाने फ्लॅट घेतला तरी तोही याच कायद्यात येतो, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याबाहेरच्या मालमत्तेबद्दल तसाच निकाल दिला.

म्हणून कामं अशी: मृत्युपत्र करायचं तर फोंड्याच्या सब-रजिस्ट्रारकडे, तेच विशेष नोटरी असतात. मुंबईच्या वकिलाने टाइप करून दिलेला कागद कपाटात ठेवू नका. लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची ताजी प्रत काढून ठेवा. घराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढा आणि त्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आहे का बघा. असेल तर हयात असताना ते काम हाती घ्या, कारण पुढच्या पिढीत वारस दुप्पट होतात आणि सह्या गोळा होत नाहीत.

---

सत्तरीचा_वाचक:

मी फक्त राजकारण आणि बातम्यांबद्दल लिहितो.

पेन्शनची धास्ती सोडा. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. म्हणून तर १७ डिसेंबर पेन्शनर दिन. सरकार कोणाचंही येवो, मंजूर झालेली पेन्शन काढून घेता येत नाही. उशीर होऊ शकतो, महागाई भत्त्याचा हप्ता लांबू शकतो. २०२० मध्ये केंद्राने दीड वर्षाचे हप्ते गोठवले होते. ६ लाखांच्या सुट्या पावत्या त्यासाठीच.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजूर केली आणि अहवालाला १८ महिने दिले. अहवाल, मग केंद्राचा निर्णय, मग गोवा सरकारचा वेगळा आदेश. एवढ्या पायऱ्या बाकी असताना त्या थकबाकीवर गाडीचं बुकिंग करणं योग्य नाही. गाडी हवीच असेल तर ती आजच्या पैशात बसते का ते बघा.

निवडणूक आणि बाजार. १७ मे २००४ रोजी अनपेक्षित निकालानंतर सेन्सेक्स एका दिवसात ११ टक्क्यांहून जास्त पडला, ४,५०५ वर बंद झाला. त्याच वर्षाच्या शेवटी तो ६,६०० वर होता. ४ जून २०२४ रोजी तो ७६,४६८ वरून ७२,०७९ वर आला, आणि ७ जूनला ७६,६९३ वर बंद झाला. तीन दिवसांत. चौथ्या तारखेला घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान कायमचं झालं. आणि ही तर लोकसभा. गोव्याच्या ४० जागांच्या विधानसभेने राष्ट्रीय बाजाराला काही फरक पडत नाही, त्यासाठी इंडेक्स फंड थांबवू नका.

पण उलटी बाजूही लपवायची नाही. जानेवारी २००८ मध्ये जवळपास २१,००० ला गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० वर होता आणि जुनी उंची गाठायला नोव्हेंबर २०१० उजाडला. जवळपास तीन वर्षं. म्हणून त्या ८ लाखांना सात वर्षं हात लावायचा नाही, ही अट पाळता येत असेल तरच घाला. टीव्हीवर आकडा लाल दिसला की झोप उडत असेल तर ८ ऐवजी ४ लाख घाला आणि उरलेले ४ रिझर्व्ह बँकेच्या तरत्या दराच्या रोख्यात. त्याचा दर राष्ट्रीय बचत पत्राच्या दरावर ०.३५ टक्के, सध्या ८.०५, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला. मुदत ७ वर्षं, आणि ६० ते ७० वयाच्या माणसाला ६ वर्षांआधी सुटका नाही, हे लक्षात ठेवून.

राजकारणाचा निवृत्त माणसाच्या खिशावर खरा परिणाम होतो तो अल्पबचतीच्या दरांतून. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी आदेश निघाला, ज्येष्ठ नागरिक योजना ७.४ वरून ६.५ टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला गेला. बंगाल आणि आसामात मतदान चालू होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दर अर्थमंत्रालय ठरवतं आणि त्यात निवडणुकीचं गणित असतं, म्हणून दर तिमाहीच्या शेवटच्या दिवसाची, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेरची बातमी नक्की वाचा. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, बँकांनी एफडी कापल्या, ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर मात्र एप्रिल २०२३ पासून ८.२ आहे. हा फरक कायम राहील असं मी धरून चालणार नाही. तुमचं ‘आजच्या व्याजाने बांधा’ हे मत इथे बरोबर आहे: खातं उघडलेल्या दिवसाचा दर पाच वर्षं बदलत नाही. ते ३० लाख याच महिन्यात टाका, सवडीने नको.

शेअर बाजारातल्या वायद्यांच्या (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) नादी लागू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला होता. व्हॉट्सअॅपवर जे ‘टिप’ देतात त्यांचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा; सापडत नसेल तर गटातून बाहेर पडा. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला तरी फोन ठेवा. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करा, पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत गोठवता येते.

---

आबोली_डिचोली:

पतसंस्थेच्या १५ लाखांबद्दल कोणी बोललंच नाही, आणि मला तोच सगळ्यात मोठा धोका दिसतो.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. नागरी सहकारी बँकेलाही तो लागू. पतसंस्थेला नाही, एका रुपयाचाही नाही. तिथे संचालक ओळखीचे असणं हे तारण नव्हे. खाण बंद झाली तेव्हा, २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये, डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रक, बार्ज आणि यंत्रांची कर्जं थकली. संचालक प्रामाणिक असोत, पण ज्या गावातून ठेवी आल्या त्याच गावाला कर्ज दिलं की एका धंद्याला खीळ बसताच ठेवी आणि कर्जं एकदम अडकतात. राज्यातच रिझर्व्ह बँकेने म्हापशाच्या नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगावच्या बँकेचा २०२१ मध्ये रद्द केला. त्या बँका होत्या, म्हणून ठेवीदारांना विमा होता. पतसंस्थेत तोच प्रसंग आला तर सहकार निबंधक, अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या.

दोन टक्के जास्त म्हणजे १५ लाखांवर वर्षाला ३०,०००. त्या ३० हजारांसाठी १५ लाख विम्याबाहेर ठेवायचे? माझं ठाम मत, नको. नाळ तोडायची नसेल तर भाग भांडवल आणि २५-५० हजारांची ठेव ठेवा, तेवढं नुकसान झेपेल. आणि ठेव ठेवण्याआधी वार्षिक सभेचा अहवाल मागून तीन गोष्टी बघा: थकीत कर्ज एकूण कर्जाच्या किती टक्के, मागच्या तीन वर्षांत ते वाढलं की घटलं, आणि लेखापरीक्षकाने कोणता वर्ग दिला. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

विमा मोजताना एकाच बँकेच्या फोंडा आणि पणजी शाखेतल्या ठेवी एकत्र धरतात. म्हणून ५ लाखांची पावती करू नका, चार लाखांच्या आसपास थांबा, व्याज धरून ५ च्या आत बसेल. संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला, एकीत काका पहिले आणि दुसरीत काकी पहिल्या, तर त्या वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे काकींच्या १२ लाखांची एक एफडी नको, तीन बँकांत वाटा.

आरोग्य विमा घेतला नसेल तर आत्ता घ्या. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. ७० वर्षं झाल्यावर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पण तुम्हाला अजून दहा वर्षं आहेत. अर्जात रक्तदाब, साखर काहीही लपवू नका, दावा नाकारायला तेच कारण पुरतं.

---

कुळागर_फोंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पतसंस्थेचं मत बदललं, गाडीचंही. कलम ५अबद्दल इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. ज्येष्ठ नागरिक खातं पत्नीच्या नावासह संयुक्त करू की एकट्याचं? माझ्या मागे तिचं काय होईल? आणि इंडेक्स फंडही संयुक्त घेऊ का?

---

हिशेबनीस_पणजी:

खातं संयुक्तच करा. पहिलं नाव तुमचं. तुमच्या मागे काकी ते खातं मुदत संपेपर्यंत त्याच व्याजाने चालू ठेवू शकतात, पण त्या तेव्हा असं खातं उघडायला पात्र असल्या आणि त्यांचं स्वतःचं वेगळं ज्येष्ठ नागरिक खातं नसलं तरच. नाहीतर ते बंद करून पैसे घ्यावे लागतात, दंड मात्र नाही. नॉमिनी म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं टक्केवारीसह लिहा. चारपर्यंत नावं देता येतात.

फंडाचं खातं उघडताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय निवडा. अर्जात तो न निवडता नुसतं ‘संयुक्त’ राहिलं तर प्रत्येक वेळी पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतात, आणि एक जण इस्पितळात असेल तेव्हाच नेमकी ती सही मिळत नाही. बँकेच्या एफडींवरही हाच शिक्का आहे का ते प्रत्येक पावतीवर वाचून घ्या. पेन्शन जमा होणारं खातंही काकींबरोबर संयुक्त करा, म्हणजे फॅमिली पेन्शन सुरू करताना नवं खातं उघडायला लागत नाही. पेन्शनच्या आदेशावर काकींचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का हे या आठवड्यात बघा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यांचा घोळ तिथेच अडतो, आणि तो तुमच्या हयातीत एका अर्जाने सुटतो.

---

कायदा_मडगाव:

एक भर. नाव बदलाचा पुरावा म्हणून गोव्यात लग्नाच्या नोंदणीचा दाखलाच मागतात. त्याच्या दोन-तीन प्रती एकदम काढा: एक पेन्शनसाठी, एक बँकेसाठी, एक मृत्युपत्राच्या वेळी सब-रजिस्ट्रारला दाखवायला.